दहा वर्षं परत घ्या

"आजी, तुम्ही ह्यांच्या आई असू शकत नाही," काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली.

"का गं? कळा तुला आल्या होत्या काय?" मी विचारलं.

शेजारी चाकाच्या खुर्चीत माझी सुवर्णा बसली होती. वय छप्पन्न, दोन्ही किडन्या निकामी, पाय सुजून खांब झालेले. तरीही तिला हसू फुटलं. काउंटरवरची मात्र हसली नाही. तिनं पडदा माझ्याकडे वळवला, जसं काही मी तो घडाघडा वाचणारच. मी दुसरी पास. पण आकडे मला कळतात. देणारीचं वय पासष्ट, घेणारीचं छप्पन्न, आणि खाली लाल अक्षरांत काहीतरी.

"नऊ वर्षांचंच अंतर येतंय," ती म्हणाली. "बारापेक्षा कमी असेल तर संगणक आईचं नातं धरत नाही. आणि नात्यात नसलेल्यांची किडनी आम्ही घेत नाही. लोक विकतात ना."

"मी विकायला आलेय?"

"मी तसं म्हटलं का, आजी?"

"तुझ्या पडद्यानं म्हटलं. त्याला सांग, भामाबाई कासार फलटणच्या कासार गल्लीत पन्नास वर्षं बांगड्या विकतेय. दुसरं काही विकायची वेळ आली नाही तिच्यावर."

ओरडून फाइल पुढे सरकत नाही. सुवर्णाची खुर्ची ढकलत मी बाहेर आले. तिला किडनी देणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नवरा करोनात गेला. भाऊ दत्ता, त्याला साखर. लेक ईश्वरी, तिचं रक्त जुळेना. माझं सगळं जुळत होतं, अगदी मापाच्या बांगडीसारखं. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिन्यांत केलं तर ठीक. त्यातले तीन आठवडे तपासण्यांत गेले होते.

आता ही पासष्टची भानगड कुठून आली ते सांगते.

आमच्या पिढीत जन्माची तारीख कुणी लिहून ठेवत नसे. शाळेत घालताना मास्तर एक जून टाकायचे आणि वर्ष अंदाजानं, पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघून. आमच्या गल्लीत अर्धी माणसं एक जूनची. सगळ्या बाळंतिणींनी मिळून मुहूर्त काढला होता की काय! कुणाचं वय दोन वर्षांनी कमी, कुणाचं चार वर्षांनी जास्त. कुणाला त्याचं काही वाटत नसे. कागदावरचं वय हे कागदाचं वय.

मग दोन वर्षांपूर्वी, म्हणजे एकोणचाळीस साली, ही जन्मशोध मोहीम निघाली. मोतीबिंदू काढला की डोळ्यातलं जुनं भिंग निघतं. पूर्वी ते फेकून द्यायचे. आता ते तपासायला जातं. ईश्वरीनं मला समजावलं होतं ते असं. माझ्या जन्माच्या आसपासच्या काळात मोठमोठ्या देशांनी हवेत अणुबाँब फोडून बघितले. त्यातून एक वेगळा कार्बन हवेत पसरला. तो गवतात गेला, गवतातून दुधात, ज्वारीत, आणि खाणाऱ्या बाईच्या पोटातल्या गर्भात. हवेतला तो कार्बन दर वर्षी बदलत गेला. माणसाच्या शरीरातलं सगळं झिजतं, नवं होतं. पण डोळ्यातल्या भिंगाचा मधला भाग, गव्हाच्या दाण्याएवढाही नसेल, तो एकदा जन्माच्या वेळी घडला की मरेपर्यंत तसाच राहतो. त्यात त्या वर्षीची हवा बंद असते. नवं यंत्र ती हवा मोजतं आणि माणूस कधी जन्मला ते पंधरवड्याच्या फरकानं सांगतं.

मला हे फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? कुठल्या कुठे बाँब फुटला आणि त्याची खूण फलटणच्या भामीच्या डोळ्यात! मी मोठ्या तोऱ्यात भिंग दिलं. चार महिन्यांनी मोबाइलवर तारीख आली. एकवीस फेब्रुवारी एकोणीसशे शहात्तर. त्या हिशेबानं आज वय पासष्ट.

मी म्हटलं, काहीतरीच. पण गल्लीतल्या बायका हरखल्या होत्या. ज्या त्या बाईचं वय कमी झालेलं. "भामाक्का, आपण तरण्या झालो की!" मीही हसण्यावारी नेलं. कागदावरचं वय तेव्हाही खोटं होतं, आता दुसरं खोटं. काय फरक पडतो?

फरक असा पडला की माझीच लेक माझी राहिली नाही.

*

ईश्वरी त्याच जन्मशोध केंद्रात कामाला. आकडेशास्त्राची पदवी घेतलेली, एकोणतीस वर्षांची, लग्नाचं नाव काढलं की कानात यंत्र घालून बसणारी. सुवर्णाला दत्ताच्या हवाली करून रुग्णालयातून मी तडक ईश्वरीच्या कचेरीत गेले. आठव्या मजल्यावर काचेच्या खोलीत ती चार पडदे मांडून बसली होती.

"आजी? तू इथं? आईला काय झालं?"

"तुझ्या आईला आई राहिली नाही. तुझ्या कचेरीनं तिला पोरकी केली."

सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, यंत्र चुकत नाही. तुझं पूर्वीचं वयच चुकीचं असेल. एक जूनवाल्यांचं काय खरं?"

"असं? म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात मी जन्मलेच नव्हते? माझी आई खडी फोडायला जायची तेव्हा तिच्या पदराला धरून कोण जायचं, तू? ती लाल मिलो ज्वारी, ती सुकडी कुणी खाल्ली? अजून चव आहे जिभेवर."

"आजी, लहानपणीच्या आठवणी..."

"माझ्या एकटीच्या असतील खोट्या. तुझी हौसाआजी पानशेत फुटलं त्या साली जन्मली, ते तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिला काय दिलंय तुम्ही? एक्काहत्तर साल. आपल्या गल्लीतली शकू कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या महिन्यातली, तिला सत्त्याहत्तर. आम्ही सगळ्याजणी दहा-दहा वर्षांनी लहान झालोय. एकीला नऊ नाही की एकीला अकरा नाही."

ईश्वरीचा चेहरा उतरला. मी तिला तान्हेपणापासून ओळखते. पोटात दुखलं की ती अशीच पांढरी पडायची.

"परत सांग," ती म्हणाली. "सगळ्यांची बरोबर दहा?"

"बरोबर दहा."

"माणसांची विसरभोळी चूक अशी नसते," ती स्वतःशीच पुटपुटली. "ती इकडं तिकडं पसरलेली असते. सगळ्यांची सारखी असेल तर ती चूक माणसांची नाही."

तिनं पडद्यावर माझं नाव काढलं. नावापुढे तारीख नव्हतीच, एक आकडा होता. दोन हजार दोनशे बेचाळीस.

"हे काय?"

"ही तुझी जन्मतारीख. संगणकाला फेब्रुवारी, मार्च काही कळत नाही, आजी. तो एक दिवस शून्य धरतो आणि तिथून दिवस मोजतो. तुझा दिवस शून्यापासून बावीसशे बेचाळिसावा. हा आकडा मग आम्ही तारखेत बदलतो."

"आणि तो शून्य कुठला?"

तिनं दोन पडदे शेजारी शेजारी ओढले. मग हळूच म्हणाली, "तिथंच घोळ आहे. भिंग तपासणाऱ्यांचा प्रोग्राम वेगळा, आमचा वेगळा. त्यांचा शून्य म्हणजे एकोणीसशे साठची एक जानेवारी. आमचा सत्तरची. त्यांनी आकडा पाठवला, आम्ही आमच्या शून्यापासून मोजला."

मला हे समजायला पदवी लागली नाही. माझ्या दुकानात शहरातल्या सुना येतात, 'टू पॉइंट फोर'च्या बांगड्या मागतात. त्यांना वाटतं दशांशातलं माप. आमचं दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा वाट्यांपैकी चार. ज्याला हे माहीत नाही तो पट्टीनं मोजून बांगडी घेऊन जातो आणि घरी हात सोलून घेतो. नुसता आकडा कुणाच्या कामाचा? कशाचा, कुठून, ते आधी सांगा.

"कोण गाढव आहे तो, न विचारता मोजणारा?" मी म्हटलं.

"मी," ईश्वरी म्हणाली. "प्रोग्राममधली ती ओळ माझी आहे, आजी."

"आणि पडताळून बघितलं नाहीस?"

"बघितलं ना. जुन्या तारखांशी ताडून बघायचा नियमच आहे. पण त्यात बहुतेक एक जूनवाले होते. मला वाटलं, ह्या तर मास्तरांनी ठोकून दिलेल्या तारखा, कचरा. म्हणून मी त्या आधीच काढून टाकल्या." ती रडवेली झाली. "मग ताडायला पन्नास-साठच माणसं उरली. त्यांची वयंही कमी आली. मी म्हटलं, आपल्याकडं वयं चुकीचीच असतात."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काही केलं नाही. म्हटलं, "चल, तुझ्या साहेबाकडं."

*

साहेबांचं नाव मुजुमदार. गोड माणूस. मला चहा दिला, खुर्ची दिली, ईश्वरीचं सगळं ऐकून घेतलं. मग दार लावून घेतलं. साहेब दार लावतो तेव्हा बाईनं सावध व्हावं.

"मावशी," ते म्हणाले, "तुमची अडचण एका कागदात सुटेल. जनुक चाचणी करून घेऊ. तुम्ही आई आहात हे त्यात सिद्ध होईल. मी रुग्णालयाला पत्र देतो की ह्या प्रकरणात संगणकाचा नात्याचा आक्षेप धरू नये. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन."

"आणि तारीख?"

"ती तूर्त राहू दे. तुमच्याच फायद्याची आहे. नियम माहिती आहे ना? सत्तरच्या वरच्या माणसाची किडनी घेत नाहीत. आज पासष्ट आहात. दुरुस्ती केली की पंच्याहत्तर व्हाल."

मला हे माहीत नव्हतं. खरं वय सांगितलं तर आई ठरते, पण म्हातारी म्हणून बाद. खोटं ठेवलं तर धडधाकट, पण परकी. आणि हा माणूस मला दोन्हीतलं सोयीचं तेवढं उचलून हातात देत होता.

"बाकीच्या बायकांचं काय?" मी विचारलं.

"करू ना दुरुस्त, सावकाश. एक तारखेला मोहिमेच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन आहे. त्यानंतर सगळ्या राज्यातली, वय बघून गोळ्या देणारी औषधाची यंत्रं नव्या वयांना जोडली जाणार आहेत. आत्ता गोंधळ झाला तर सगळंच फसेल."

औषधाची यंत्रं म्हणताच मला हौसा आठवली. आमच्या तालुक्यात ती आधीच जोडली होती, करून बघायला म्हणून. माझी नणंद हौसा, ऐंशीची बाई. यंत्रानं तिला सत्तरची समजून रक्तदाबाची गोळी वाढवून दिली. तिसऱ्या दिवशी ती न्हाणीत चक्कर येऊन पडली, खुब्याचं हाड मोडलं. आम्ही म्हटलं, वय झालं. वय झालं होतंच, ते यंत्राला माहीत नव्हतं.

मी हे सांगितलं तेव्हा मुजुमदार साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. एक क्षण त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मग म्हणाले, "मावशी, आधी लेकीचा विचार करा."

जिन्यात ईश्वरीनं माझा हात धरला. "आजी, आईचं होऊन जाऊ दे. मग मी सगळं सांगेन. शपथ."

"एक तारखेनंतर?"

तिनं माझा हात सोडला.

*

सुवर्णाचं रक्त यंत्रातून धुवून निघत होतं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास ती त्या नळ्यांना बांधलेली असायची. डोळे मिटून ऐकत होती.

"गप्प राहा, आई," ती म्हणाली.

"सुवर्णे..."

"मी मोठ्या मनाची नाही. मला जगायचंय. ईश्वरीचं घर झालेलं बघायचंय. पोटभर पाणी प्यायचंय, समजलं? गेल्या वर्षात मी पोटभर पाणी प्यायले नाही. तू आठ दिवस तोंड बंद ठेवू शकत नाहीस माझ्यासाठी?"

"मी किडनी देणारच आहे."

"खरं बोललीस तर घेईल कोण?"

"घ्यायला लावीन."

"तुला सगळ्या जगाशी भांडायचं असतं, आई. ह्या वेळी माझ्या जिवावर भांडू नकोस." तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

लेकीनं तोंड फिरवलं की काय होतं ते मी सांगत बसत नाही. मी उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. डोळ्यासमोर हौसा येत होती, आणि हौसासारख्या गावोगावच्या म्हाताऱ्या, ज्यांना एक तारखेला यंत्र गोळ्या मोजून देणार होतं. त्यांची नावं मला माहीत नव्हती. सुवर्णाचं नाव तर मीच ठेवलेलं. तराजूत दोन्ही बाजू घालून बघाव्यात तर काटा एका जागी ठरेना.

आणि आणखी एक होतं, ते कुणाला सांगितलं तर हसतील. ती दहा वर्षं नाहीत म्हटलं तर माझं काय काय खोटं ठरत होतं! दुष्काळ काढला, लग्न झालं, बांगडी भरायला शिकले, ही पोर पोटात वाढवली. एका पोरीनं एक ओळ लिहिली आणि ती दहा वर्षं पुसली, आणि वर म्हणायचं, मावशी, फायद्यात आहात! माझी वर्षं मला परत हवी होती.

*

समिती बसली तेव्हा टेबलामागे पाचजण होते. मधोमध डॉक्टर खानोलकर, चष्मेवाल्या, कडक बाई. मुजुमदार साहेबांचं पत्र त्यांच्या हातात होतं. मागच्या रांगेत ईश्वरी, आणि दाराजवळ खुर्चीत सुवर्णा. माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

"सगळं जुळतंय," डॉक्टर म्हणाल्या. "जनुक चाचणीत आई-मुलगी. वय पासष्ट. मावशी, तुम्ही राजीखुशीनं देताय ना?"

"राजीखुशीनं देतेय. पण वय पंच्याहत्तर आहे."

मागं सुवर्णानं श्वास घेतला तो मला ऐकू आला.

"इथं पासष्ट लिहिलंय."

"चुकीचं लिहिलंय. सगळ्यांचंच चुकीचं लिहिलंय. आणि तुमचा भुलीचा डॉक्टर तेच बघून मला भूल देणार आहे ना?"

"कोण म्हणतं चुकीचं?"

मी काही म्हणायच्या आत ईश्वरी उभी राहिली. "मी म्हणते. चूक माझी आहे." तिनं साठ आणि सत्तरचा शून्य सांगितला, दोन वाक्यांत, सरळ. मग म्हणाली, "दुरुस्ती मी आज सकाळी सगळ्या जिल्ह्यांना पाठवली आहे. साहेबांना न विचारता."

शाब्बास गं माझ्या वाघिणी, मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं नाही. डोक्यात हवा जाते पोरींच्या.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मावशी, प्रामाणिकपणाबद्दल तुमचं कौतुक आहे. पण मग मला नकार द्यावा लागेल. सत्तरची मर्यादा आहे."

"का?"

"का म्हणजे?"

"सत्तरच का? एकाहत्तराव्या वर्षी किडनीला गंज चढतो?"

एकजण हसला, लगेच खोकला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "वयानुसार किडनीची ताकद कमी होते. देणारीलाही धोका, घेणारीलाही."

"म्हणजे तुम्हाला माझं वय नकोच आहे. तुम्हाला किडनीची ताकद हवी. मग तीच मोजा की! तुमच्याकडं यंत्र नाही? आख्ख्या राज्याच्या डोळ्यातली हवा मोजता, माझी एक किडनी मोजता येत नाही? कालपर्यंत हीच किडनी तुम्हाला चालत होती. मी सकाळी खरं बोलले म्हणून ती दुपारी म्हातारी झाली?"

"मावशी, नियम..."

"नियमात अपवाद आहे का नाही, तेवढं सांगा. नाही म्हणालात तर उठते."

त्या वाचू लागल्या. पानं उलटली. त्यांना माहीत होतंच, पण वाचायला वेळ घेतला. "आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "समितीच्या सर्व सदस्यांची संमती असेल तर. आजवर कुणी मागितला नाही."

"मी मागतेय."

"किडनी मोजल्यावर ती कमी भरली तर?"

"तर गप घरी जाईन. तेव्हा भांडणार नाही, कारण तेव्हा तुम्ही खरं बोलत असाल."

डॉक्टरांनी लेखणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. "उद्या सकाळी उपाशीपोटी या," त्या म्हणाल्या. "आणि मावशी, निकाल विरुद्ध गेला तर माझ्यावर ओरडायचं नाही."

"कबूल. पण हळू आवाजात चार शब्द बोलेन."

बाहेर आल्यावर सुवर्णा एवढंच म्हणाली, "कमी भरली तर मी तुला माफ करणार नाही."

"नको करूस," मी म्हटलं. आणि तिची खुर्ची ढकलायला लागले.

दोन दिवस तपासण्या चालल्या. हातात सुई, पोटावर यंत्र, बाटल्याच बाटल्या. ईश्वरीला घरी बसवण्यात आलं होतं, चौकशी होईपर्यंत. ती माझ्याजवळच बसून राहायची, कानात यंत्र न घालता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खानोलकर स्वतः खोलीत आल्या. म्हणाल्या, उजवी तुमच्याकडं राहू दे, डावी चालेल. पाचही सह्या झाल्यात.

सुवर्णा रडली. मी नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "गंज?"

"नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं असेल."

ऑपरेशनच्या दिवशी आम्हा दोघींना एकाच लांब ओसरीत शेजारी शेजारी आणून ठेवलं. हिरवे कपडे, डोक्याला टोप्या. सुवर्णानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तू हट्टी आहेस."

"आणि तू कुणाची आहेस?"

तेवढ्यात भूल देणारा डॉक्टर हातात पडदा घेऊन आला. तरुण होता, मिशी नुकतीच राखलेली. म्हणाला, "आजी, एकदा खात्री करून घेतो. नाव?"

"भामाबाई नारायण कासार."

"वय?"

"पंच्याहत्तर," मी म्हटलं, ओसरीच्या त्या टोकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "आणि ही माझी थोरली."